दोन पाकळ्यांचं घराणं

थोरला जेव्हा धाकट्याच्या पायरीवर बसायला लागला, तेव्हा गावाने दोन अंदाज बांधले. एक, भावाभावांचा समेट होणार. दोन, डोकी फुटणार. तिसरी शक्यता कुणाच्या मनात आली नाही. थोरल्याच्या बायकोच्याही नाही, आणि ती तर त्याच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं संसार करत होती.

दोघे सख्खे भाऊ, पण अकरा वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. रानाची वाटणी झाली तेव्हा मधल्या बांधावरून त्यांचं वाजलं होतं. बांध म्हणजे तरी काय, दोन पावलं रुंदीची गवताची पट्टी. तिच्यावर एक शेळी उभी राहिली तर दुसरीला जागा नाही. पण त्या भांडणाच्या दिवशी, त्याच बांधावर, त्यांचा बाप कोसळला आणि तासाभरात गेला. तेव्हापासून थोरल्याचं म्हणणं, धाकट्याने बापाचा जीव घेतला. धाकट्याचं म्हणणं, थोरल्याने. दोघांच्या बायकांचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्या सकाळी नळावर भेटून निवांत बोलत आणि घरी येऊन तोंडं फुगवून बसत.

थोरल्याचं घर उताराच्या पायथ्याशी, बटाट्याचं रान वर माथ्यावर, आणि धाकट्याचं घर बरोबर मधे. इतकी वर्षं थोरला त्या घरावरून मान वळवून ताडताड जात आला होता. या वर्षी मात्र त्याला वाटेत फार कामं निघू लागली. विजेच्या खांबापाशी थांबून तो तारा मोजायचा. पुढे दहा पावलांवर त्याच्या चपलेचा अंगठा सैल व्हायचा. मग कुणाच्या तरी कुंपणाची काटकी वाकडी दिसायची, ती तो सरळ करायचा, हळूहळू, दोन्ही हातांनी कुंपण धरून. आणि हे सगळं करून धाकट्याच्या दारापर्यंत पोचला की करण्यासारखं काही उरायचं नाही, पाय तर पुढे पडायचे नाहीत. मग तो पायरीवर टेकायचा. रस्त्याकडे तोंड, घराकडे पाठ.

धाकट्याला वाटलं, हा घराची हद्द मोजतोय. तोही खुर्ची घेऊन दारात बसू लागला, थोरल्याच्या पाठीवर डोळे रोखून. दोघे असे पाव पाव तास बसत. धाकट्याची बायको, धाकटी, एक दिवस पाण्याचा तांब्या घेऊन आली, पायरीच्या कडेला ठेवला आणि दारातल्या कोंबडीला म्हणाली, पाणी ठेवलंय, ज्याला हवं त्याने प्यावं. थोरला प्यायला. कोंबडीकडे बघून मान हलवली आणि उठून गेला.

हे थोरलीला नळावर कळलं. पाण्याचं ऐकून तिला हसू आलं, पण धाकटी हसत नव्हती. ती म्हणाली, "जाऊबाई, भावोजींचे ओठ निळे होते."

काढणीला महिना उरला असताना शाळेत आरोग्य तपासणी लागली. चष्मा फुकट मिळतो अशी थाप मारून थोरलीने नवऱ्याला तिथे नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. तिने छातीला नळी लावली, ऐकलं, भुवया वर नेल्या आणि शेजारच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने ऐकलं आणि तिसऱ्याला बोलावलं. थोरला खूश झाला. परतताना वाटेत भेटेल त्याला सांगत होता की त्याचं हृदय ऐकायला रांग लागली होती.

शहरातल्या इस्पितळात पडद्यावर बघितलं तेव्हा उलगडा झाला. हृदयातून शरीराला रक्त जातं तिथे एक झडप असते, तिला तीन पाकळ्या असतात. थोरल्याच्या झडपेला जन्मापासून दोनच होत्या. आता त्याही चुन्यासारख्या कडक होऊन जेमतेम उघडत होत्या. झडप बदलायला हवी, आणि लवकर, असं डॉक्टर म्हणाले. थोरल्याने त्यातलं त्याला हवं तेवढं उचललं. म्हणजे इतर लोक तीनवर चालतात आणि आपण चोपन्न वर्षं दोनवर खेचलं. बटाटे निघाले की बघू, असं म्हणून तो उठला. डॉक्टरांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं की हा माणूस एखाद्या दिवशी चालता चालता पडेल, ओझं उचलायला लागला तर आणखी लवकर पडेल. मग तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. तुमच्यासारख्यांसाठी एक संस्था आहे, त्यांना भेटा.

संस्थेचं नाव फळ्यावर दोन ओळी भरून होतं. हृदय, झडप, महाधमनी, रुग्ण, साहाय्य, सगळं त्यात होतं. शेजारचा सायकलवाला त्यांना नुसतं झडपवाले म्हणायचा. पूर्वी त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती, पण येणारे निम्मे लोक जिन्यातच बसायचे, म्हणून त्यांनी ती खाली आणली होती. आत एक टेबल, दोन फोन, एक बाक आणि सात माणसं. सातही जणांच्या छातीवर गळ्यापासून खाली उभी शिवण. थोरली गेली तेव्हा त्यातला एक जण बाकाचा खिळा ठोकत होता आणि दुसरी फोनवर कुणाला तरी सांगत होती की खोकताना उशी पोटाशी नाही, छातीशी धरायची. थोरलीने नवऱ्याचं सगळं सांगितलं. खांब, चप्पल, कुंपण, पायरी. सगळे ऐकत होते आणि मधेच एकमेकांकडे बघत होते. खिळा ठोकणारा म्हणाला की तो स्वतः सहा महिने गावातल्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचत चालला होता, आणि त्याला वाचता येत नाही.

त्यांनी तिला एक शिंपीण जोडून दिली. नऊ वर्षांपूर्वी तिची झडप बदलली होती. ती दर गुरुवारी थोरल्याला फोन करणार होती. तिने केलाही. पहिल्या गुरुवारी थोरला रानात होता, दुसऱ्या गुरुवारी संडासात, आणि तिसऱ्या गुरुवारी फोन धरलेल्या थोरलीसमोर बसून म्हणाला की तो घरात नाही.

काढणी सुरू झाली. थोरल्याने मजूर लावले होते, पण पोती स्वतः वाहायचा हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोतं पाठीवर घेऊन तो उताराच्या तोंडाशी आला आणि तसाच गुडघ्यांवर बसला. पोतं सुटलं. सुतळी तुटली आणि बटाटे जे निघाले ते उतारावरून उड्या मारत थेट धाकट्याच्या अंगणात गेले. थोरली धावत पोचली तेव्हा नवरा जमिनीला हात टेकून बसला होता, चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. ती काही विचारायच्या आत तो म्हणाला, "शिवण कशी आहे ते बघत होतो. कच्ची आहे."

खाली धाकटा आणि धाकटी अंगणातून बटाटे वेचत होते. त्यांनी ते टोपल्यांत भरून, मोजल्यासारखे नीट, आपल्या पायरीवर आणून ठेवले. एकही ठेवून घेतला नाही. थोरल्याला ते जास्त लागलं.

त्या दिवशी थोरलीनेच शिंपीणबाईला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बाई हजर. ठेंगणी, पिशवी काखेत, सुईदोरा पदराला. तिने थोरल्याच्या प्रकृतीबद्दल चकार शब्द काढला नाही. घरापुढच्या खळ्यावर पोती उघडी पडली होती, ती बघून तिने दाभण मागून घेतलं आणि शिवायला बसली. काल एक शिवण उसवली असं ऐकलं, म्हणाली. थोरल्याला विषय आवडला. तोही समोर बसला. वारा पडला होता, मजूर जेवायला गेले होते. त्या शांततेत थोरल्याने मान तिरकी केली आणि विचारलं की घड्याळ कुठे आहे.

बाई म्हणाली, घड्याळ नाही, तीच वाजते. धातूची झडप आहे. शांत असलं की टिकटिक ऐकू येते.

थोरल्याने आणखी कान दिला. मग बायकोला बोलावून ऐकवलं. मग परतलेल्या मजुरांना. शिंपीणबाई बिचारी श्वास रोखून बसली आणि सहा माणसं तिच्याभोवती गोल करून उभी राहिली. थोरल्याने विचारलं की किल्ली द्यावी लागते का. बाई म्हणाली, नाही, पण रोज एक गोळी घ्यावी लागते आणि रक्त तपासत राहावं लागतं. झोप लागते का. पहिले दोन महिने नाही लागली. आता वाजलं नाही तर जाग येईल. दुखलं का. दुखलं. किती. तिने दाभण खाली ठेवलं आणि खरं तेच सांगितलं: पहिले चार दिवस तिला वाटलं की छातीवर म्हैस बसली आहे, मग म्हशीचं रेडकू, मग एक मांजर, आणि एका सकाळी तेही उठून गेलं.

मग तिने कापडावर आखायचा खडू काढला, रिकाम्या पोत्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाली की हे तुम्ही. झडपेचा हा दोष कधी कधी घराण्यात असतो, म्हणून ती सगळ्यांना विचारते. चौकोनाच्या वर तिने दुसरा चौकोन काढला. वडील कशाने गेले?

थोरली उठून आत जायला निघाली होती, ती तिथेच थांबली. थोरल्याने शांतपणे सांगितलं, धाकट्याने मारले.

कसे मारले, बाईने विचारलं. थोरल्याने भांडण सांगितलं. बांधावर दोघे भाऊ ओरडत होते, बाप मधे उभा होता. एकाएकी बाप गप्प झाला. मागे हात नेऊन पाठ चाचपायला लागला. पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, कुणी कापड फाडावं तसं फाटतंय, असं म्हणाला, आणि खाली बसला. पुन्हा उठला नाही. वय पासष्ट.

शिंपीणबाईच्या हातातला खडू थांबला. ती म्हणाली, "भाऊ, ‘कापड फाडावं तसं’ हे शब्द मी याआधी तीन घरांत ऐकलेत. ज्यांची झडप अशी असते, त्यांच्यात काहींची झडपेपुढची मोठी नळी फुगत जाते. ती फाटली की असंच दुखतं. तुमच्या वडिलांना कुणी उघडून बघितलं नाही, म्हणून मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ते तुमच्या भांडणाने नसावेत गेले. त्यांची नळी वर्षानुवर्षं फुगत असणार."

बाईने त्याच्या चौकोनाशेजारी, त्याच ओळीत, तिसरा चौकोन काढला आणि विचारलं की याला तपासलं का.

त्यानंतर थोरल्याने जे केलं ते थोरलीला अजून नीट सांगता येत नाही. तो उठला, धोतराची धूळही झटकली नाही आणि वर चढाला लागला. ती मागे धावली. खांब, चप्पल, कुंपण, कशापाशीही तो थांबला नाही. धाकट्याच्या दारात पोचला तेव्हा धाकटा पायरीवर विळा घासत होता. थोरला समोर उभा राहिला, अकरा वर्षांनंतर तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. दम पुरेना. नुसती छाती वर खाली, बोट भावाकडे रोखलेलं. शेवटी कसाबसा एक शब्द निघाला. "छाती."

धाकट्याने विळा बाजूला ठेवला आणि बाह्या वर केल्या. आव्हान स्वीकारलंय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"तपासून घे," थोरल्याने वाक्य पुरं केलं आणि त्याच पायरीवर कोसळल्यासारखा बसला.

बाकीचं थोरलीने सांगितलं. पाकळ्या, नळी, घराणं, बापाची पाठ. धाकटा बाह्या तशाच वर केलेल्या, ऐकत उभा होता. सगळं झाल्यावर तो भावाशेजारी बसला, मधे तांब्या मावेल एवढं अंतर ठेवून. मग तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "लोकांत मी म्हणायचो दादाने मारलं. एकटा असलो की वाटायचं, मीच मारलं."

थोरला म्हणाला, "मलापण."

कोंबडी मधून चालत गेली. या वेळी तिच्याशी कुणी बोललं नाही.

शहरात धाकट्यालाही पडद्यासमोर झोपवलं. त्याला कसलाच त्रास नव्हता, उतार तो पळत चढायचा. झडप त्याचीही दोन पाकळ्यांची निघाली, पण मऊ, चांगली उघडझाप करणारी. नळी मात्र फुगलेली. अजून कापायची वेळ नव्हती, पण रक्तदाबाची गोळी घ्यायची, दरवर्षी मोजून घ्यायची, आणि जड ओझं आयुष्यात उचलायचं नाही. धाकटा हिरमुसला. संस्थेच्या बाकावर बसून दोघे भाऊ आपापले कागद ताडून बघत होते. थोरला म्हणाला की नळी काय, कुणाचीही फुगेल, झडप कडक व्हायला वर्षं लागतात. धाकटा म्हणाला की डॉक्टरांनी त्याच्या नळीचं दोनदा माप घेतलं, थोरल्याचं एकदाच. थोरल्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला की वाटणीत सगळं मोठं तुलाच गेलं. खिळा ठोकणाऱ्या माणसाने दोघांच्या मधे येऊन बसायची तयारी केली. पण थोरलीने त्याला हाताने थांबवलं. अकरा वर्षं तिने ही कटकट ऐकली नव्हती, तिला ती ऐकायची होती.

शस्त्रक्रियेची तारीख काढणीच्या ऐन मध्यात आली. थोरला पुढे ढकला म्हणाला, तेव्हा धाकटीने पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलण्याचं धाडस केलं. बटाटे जमिनीत आठ दिवस थांबतात, भावोजी, तुमची झडप थांबणार नाही. दोन्ही रानं दोघी जावांनी मिळून काढायची ठरली. दोन रानं, एकच टोळी. मधल्या बांधावर पाय देऊन मजूर इकडून तिकडे जात होते, आणि त्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

त्या दिवशी इस्पितळात पाच तास लागले. धाकटी थोरल्याला आत नेईपर्यंत थांबली आणि मग रानाकडे परतली. शिंपीणबाई पहाटेच्या गाडीने आली होती. ती थोरलीशेजारी बसली, पिशवीतून शाळेच्या गणवेशांचे परकर काढले, एक तिच्या मांडीवर टाकला आणि सुई हातात दिली. नुसतं बसून तास मोठे होतात, म्हणाली. थोरलीचे टाके वेडेवाकडे पडत होते. बाई ते न बोलता उसवून परत द्यायची. धाकटा ओसरीत येरझाऱ्या घालत होता. एका परिचारिकेने त्याला बसवून दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि दुसऱ्या खाटेवर आडवं केलं. त्यामुळे डॉक्टर बाहेर येऊन रुग्णाचा भाऊ कुठे विचारू लागले, तेव्हा तोही गोळी खाऊन झोपलेला होता. झडप बसली, डॉक्टर थोरलीला म्हणाले. चांगली बसली. थोरलीने मान डोलावली, हातातला परकर पुरा केला, दोरा दातांनी तोडला, आणि मग तोच परकर पुन्हा पहिल्यापासून शिवायला लागली, तेव्हा शिंपीणबाईने सुई तिच्या बोटांतून काढून घेतली.

घरी आल्यावर थोरल्याला तीन महिने काही उचलायला मनाई होती. पाण्याने भरलेली किटलीसुद्धा नाही. धाकट्याला तर कायमचीच. मग रानात दोन खुर्च्या आल्या आणि दोन्ही भाऊ माथ्यावर बसून कामावर देखरेख करू लागले. थोरला म्हणायचा, ओळ वरच्या टोकाकडून धरा. धाकटा म्हणायचा, खालच्या. बायका पाचव्या दिवशी कंटाळल्या. दोघांना खुर्च्यांसकट खळ्यावर नेऊन बसवलं आणि बटाटे निवडायला दिले: मोठे इकडे, लहान तिकडे, फुटके वेगळे. तिथेही मोठा कुणाला म्हणायचं यावर दोघांचं दोन दिवस चाललं. बांधाचा वाद काही मिटला नाही. उलट आता बोलता येत असल्यामुळे तो रोज होऊ लागला. फक्त आवाज चढला की कुणीतरी एक जण थांबून विचारायचा, गोळी घेतलीस का, आणि मग पुढे भांडायचे.

थोरल्याची झडप वाजत होती, पण शिंपीणबाईच्या मानाने हळू, आणि याचं त्याला वाईट वाटायचं. तो आल्यागेल्याला जवळ बोलावून ऐकवायचा आणि कुणाला ऐकू आलं नाही तर पाऊस आहे, हवा दमट आहे असं काहीतरी कारण द्यायचा.

चौथ्या महिन्यात संस्थेतून फोन आला. एक ट्रकड्रायव्हर होता, झडप खराब, दोनदा इस्पितळात भरती होऊन दोनदा पळालेला. त्याच्याशी शेतकऱ्याने बोलावं, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. शिकलेल्या माणसांचा त्याला राग होता. थोरला तीन दिवस तयारी करत होता. चौथ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्याने दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

थोरली बाहेर खिडकीखाली बियाण्याचे बटाटे निवडत होती. सुरुवातीला थोरल्याचा आवाज मोठा होता. पाकळ्या, रांग, चोपन्न वर्षं. मग ड्रायव्हरने पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला. थोरलीने बटाटा टोपलीत टाकायचा थांबवला, आवाज होऊ नये म्हणून हातातच धरला.

थोरला सांगत होता की तो फार घाबरला होता. आत नेत होते तेव्हा ढकलगाडीवरून उडी मारून पळायचं त्याने ठरवलंसुद्धा होतं. पण त्यांनी मागून उघडा झगा घातला होता, आणि बाहेर भावजय उभी होती. म्हणून पडून राहिला. दाराशी परिचारिकेने विचारलं, घरच्यांना काही निरोप आहे का. तो म्हणाला, पोती झाकून ठेवा म्हणावं. तो निरोप थोरलीला मिळाला होता, आणि घरी पोचल्यावर तिने पोती झाकली होती.

"खरं म्हणजे मला ते नव्हतं सांगायचं," थोरला आत म्हणाला. पलीकडून प्रश्न आला असणार. त्यावर तो म्हणाला, "ते तुला कशाला सांगू बाबा, तू कोण."

फोन बंद झाला. थोरला बाहेर आला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "मी आतून परत आलो नसतो, तर तू एकटी पडली असतीस. मला तेवढीच भीती होती."

थोरलीने हातातला बटाटा लहानांच्या ढिगात टाकला. तो मोठ्यांतला होता, थोरल्याने बघितलं, आणि पहिल्यांदाच तो तिथेच राहू दिला.

"आणि ड्रायव्हर?" तिने विचारलं.

"गुरुवारी भरती होतो म्हणालाय," थोरला म्हणाला. "फक्त झग्याबद्दल बोलणी चालू आहेत."